वाढीव वॉरंटी : सहीआधी हिशेब मांडा

लालबाग, परळ, दादर, गिरगाव या भागांत रिक्षा चालत नाही. पश्चिमेला वांद्रे आणि पूर्वेला शीव इथेच तिची हद्द संपते. तरीपण आपल्या कोकणातल्या वाड्यावाड्यांतून धावणाऱ्या कितीतरी रिक्षांना पहिला पैसा लागला तो याच चाळींतून. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरणी संप सुरू झाला, सुमारे अडीच लाख कामगार त्यात उतरले आणि पुढे गिरण्याच थंडावल्या. गावी परतलेल्यांपैकी काहींनी मिळाले त्या पैशात तीनचाकी घेतली. आजही गावातला पोरगा रिक्षा घ्यायला निघाला की पहिल्या हप्त्यासाठी फोन जातो तो मुंबईच्या काकालाच.

गाडी ठरते, कर्ज मंजूर होते आणि मग काउंटरवर एक कागद पुढे सरकतो. ‘एक्स्टेंडेड वॉरंटी घेऊन टाका, तीन वर्षं बघायला नको.’ काका फोनवरून सांगतात, ‘घे रे, आम्ही दादरला फ्रिज घेतला तेव्हा घेतली होती.’ सल्ला मायेचा असतो, पण फ्रिज घरात एका जागी उभा असतो. रिक्षा उभी राहिली की त्या दिवशीची चूल अडते. दोन्हींना एकच माप लावून चालणार नाही.

वाचकहो, वॉरंटीच्या कागदावर दोन आकडे असतात, महिने आणि किलोमीटर, आणि पुढे चार शब्द असतात : ‘जे आधी संपेल ते’. सगळी गोम या चार शब्दांत आहे. उदाहरणादाखल धरा, मूळ वॉरंटी २४ महिने किंवा ६० हजार किलोमीटर आणि वाढीव धरून ३६ महिने किंवा ८० हजार किलोमीटर. तालुक्याच्या स्टँडवरची रिक्षा रोज १२० किलोमीटर आणि महिन्यात २६ दिवस धावली, तर महिन्याचे ३,१२० किलोमीटर झाले. तिची मूळ वॉरंटी एकोणीस महिन्यांत संपली आणि वाढीव २० हजार किलोमीटर पुढच्या साडेसहा महिन्यांत उडाले. पैसे भरले वर्षाचे, हाती आले अर्धे वर्ष. उलट वाडीवरून बाजारापर्यंत रोज ४० किलोमीटर जाणाऱ्या गाडीचे ३६ महिन्यांत ३७,४४० किलोमीटरच होतात. तिला वर्ष पुरे मिळते. म्हणजे एकाच कागदाची किंमत दोन मालकांना दोन तऱ्हेची पडते.

आता कागदाची मागची बाजू वाचा. क्लचप्लेट, ब्रेक लायनर, टायर, केबल, बल्ब, रबरी भाग या झिजणाऱ्या वस्तू बहुधा वॉरंटीत नसतात, आणि घाटरस्त्यावर आधी जाते तेच. शिवाय प्रत्येक सर्व्हिसिंग ठरल्या मुदतीत, कंपनीच्या अधिकृत वर्कशॉपात, पुस्तकात शिक्का मारून झालेले हवे. वर्कशॉप पन्नास किलोमीटरवर असेल तर जाण्यायेण्याचे इंधन आणि बुडालेला दिवस त्या किमतीत मिळवा. गावातल्या मेस्त्रीने एकदा इंजिन उघडले की नंतर ‘वॉरंटी बाद’ असे ऐकावे लागते. अपघाताचा विमा वेगळा. तो बिघाडाचे पैसे देत नाही आणि वॉरंटी अपघाताचे देत नाही.

आणखी एक गोष्ट. वॉरंटीचे सहा हजार रुपये कर्जात घातले, तर सरळ १२ टक्के दराने तीन वर्षांत त्यावर २,१६० रुपये व्याज चढते. हप्त्यात ते जाणवत नाही एवढेच.

आमचे मत स्पष्ट आहे. पेट्रोल, डिझेल किंवा सीएनजीची गाडी दिवसाला शंभरावर किलोमीटर धावत असेल, किंवा अधिकृत वर्कशॉप लांब असेल, तर वाढीव वॉरंटीच्या मागे लागू नये. त्यापेक्षा रोज दहा रुपये पोस्टात किंवा बँकेत वेगळे टाकावेत. महिन्याचे २६ दिवस धरले तरी तीन वर्षांत ९,३६० रुपये होतात. बिघाड झाला तर कामाला येतात, नाही झाला तर आपलेच राहतात. विजेवरच्या रिक्षाची गोष्ट मात्र निराळी. तिच्यात सर्वांत महागाची वस्तू बॅटरी. बॅटरीची वॉरंटी किती, क्षमता किती घटली की बदलून मिळणार, हे लेखी मिळत असेल तर जादा पैसे मोजण्यात शहाणपण आहे.

घेतलीत, तर कागद कोणाच्या नावाचा आहे ते पाहा. कंपनीचा की फक्त विक्रेत्याचा? दुकान बंद झाले तर दाद कोणाकडे मागायची? दाद मागायचा हक्क मात्र कायद्याने आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार तुम्ही राहता त्या जिल्ह्याच्या आयोगाकडे दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते. विक्रेत्याच्या गावी खेटे घालायची गरज नाही. १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक आहे. पण ध्यानात ठेवा, पोटासाठी स्वतः रिक्षा चालवणारा हा ग्राहक, आणि दुसऱ्याच्या हाती देऊन धंदा करणारा ग्राहक नव्हे, असा भेद सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये लक्ष्मी इंजिनिअरिंगच्या निकालात रिक्षाचेच उदाहरण देऊन केला आहे.

१९७५ साली सुरू झालेल्या मुंबई ग्राहक पंचायतीने हजारो घरांना एकत्र खरेदी शिकवली. एकटा गिऱ्हाईक काउंटरवर गप्प बसतो, दहाजण गेले तर दुकानदार खुर्ची देतो. स्टँडवरच्या रिक्षावाल्यांनी नवी गाडी घेणाऱ्याला एकटे पाठवू नये. दोघांनी सोबत जावे, अटींचा कागद आदल्या दिवशी घरी आणावा, शाळेत शिकणाऱ्या पोरीकडून मोठ्याने वाचून घ्यावा, आणि मगच सही करावी. मुंबईच्या काकाने पोट मारून साठवलेला पैसा आहे तो. त्याची एक रात्र तरी राखण व्हायला हवी.