साडेतीनची पाळी

छायाचित्रकार चिरोदीप चौधुरी यांनी मुंबईतली सार्वजनिक घड्याळं टिपायला घेतली ती नव्वदच्या दशकात. मनोऱ्यांतली, इमारतींच्या माथ्यावरची. काही चालू, काही केव्हाच बंद पडलेली. ‘सीइंग टाइम’ नावानं ही छायाचित्रं प्रदर्शनात मांडली गेली. मला हे काम फार मोलाचं वाटतं. घड्याळ बघायला मान वर करावी लागते, आणि मान वर केली की इमारत दिसते. रोज क्रॉफर्ड मार्केटात भाजी घेणाऱ्या किती जणांनी वरचं घड्याळ निरखलंय?

आमच्या लालबागेत मात्र वेळ कानानं कळायची. गिरणीचा भोंगा झाला की पोळ्या तव्यावरून उतरायच्या, पोरं शाळेला पळायची. सात, साडेतीन, रात्रीचे बारा: तीन पाळ्यांवर अख्खी वस्ती झोपायची आणि उठायची. एकाच खोलीत पाळीपाळीनं झोपणाऱ्या गाळेकऱ्यांची वळकटी कधी थंड व्हायची नाही. १८ जानेवारी १९८२ ला गिरणी कामगारांचा संप सुरू झाला आणि भोंगे थांबले. त्या शांततेचा फोटो कसा काढणार?

वेळ ही गिरणगावात नेहमीच भांडणाची गोष्ट होती. १९०६ च्या जानेवारीत सरकारनं स्टँडर्ड टाइम आणला. तो ‘बॉम्बे टाइम’पेक्षा ३९ मिनिटं पुढं. घड्याळं पुढं सरकवलेली पाहून जेकब ससून मिलच्या कामगारांनी कामावर जायला नकार दिला. आपली पहाट कुणीतरी चोरतंय, हे त्यांना लगेच कळलं होतं. तो जुना बॉम्बे टाइम १९५५ पर्यंत या शहरात तग धरून होता.

भोंगे गेले, आता त्यांच्या तालावर जगलेल्या बीडीडी चाळीही जातायत. वरळीत ऑगस्ट २०२५ मध्ये पहिल्या ५५६ कुटुंबांना ५०० चौरस फुटांच्या घरांच्या चाव्या मिळाल्या. १६० चौरस फुटांत तीन पिढ्या काढलेल्या माणसाला घराच्या आत संडास मिळतोय, याचा आनंद मोठाच आहे. चाळीच्या आठवणीनं गळा काढणाऱ्यांनी तो आधी समजून घ्यावा. पण पाडकामाआधी एकदा तरी पहाटे कॅमेरा घेऊन त्या पॅसेजमध्ये उभं राहायला हवं. पाणी यायच्या वेळी दारोदार लावलेली पिंपं, नळाखाली झिजून खोलगट झालेली फरशी, हंडा टेकवून गुळगुळीत झालेला कठडा. हीसुद्धा घड्याळंच. आणि ती छायाचित्रं काळा घोड्याच्या कलादालनांआधी इथंच लागावीत, एखाद्या मंडळाच्या मांडवात, जिथं लोक स्वतःला ओळखून थांबतील.

मागच्या रविवारी राणीच्या बागेतल्या डेव्हिड ससून घड्याळाच्या मनोऱ्याचा फोटो मी मोबाइलवर काढला. १८६५ चा मनोरा, त्यावर कललेलं ऊन. फोटो चांगला आला असं वाटून शेजारच्या अण्णांना दाखवला. दुसऱ्या पाळीत त्यांनी बावीस वर्षं साचे चालवले. त्यांनी चष्मा वर केला, मोबाइल डोळ्यांजवळ नेला. ना मनोरा पाहिला, ना ऊन.

“साडेतीन झालेत,” ते म्हणाले, आणि त्यांचा हात उशाशी, जिथं डबा असायचा तिकडं गेला.