मादीलाही नाव आहे!

आपल्या पक्ष्यांच्या तक्त्यावर प्रत्येक बदकाचे चित्र नराचे आहे. तो रंगीत, म्हणून लक्षात राहतो. मग हिवाळ्यात डभोईजवळच्या वढवाणा तलावावर गेलेली मुले नराचे नाव अचूक लिहितात आणि शेजारच्या मादीपुढे ‘तपकिरी बदक’ एवढेच. ही सवय मोडायला हवी, असे मला वाटते.

मादीचा साधा रंग उगाच नाही. जमिनीवर अंडी उबवताना तोच तिला लपवतो. पण खुणा तिच्याकडेही आहेत. थापट्याच्या मादीची चोच नरासारखीच पुढे पसरट. तलवार बदकाच्या मादीची मान सडपातळ, चोच करडी, शेपटी टोकदार. गडवालच्या मादीच्या चोचीच्या कडा नारिंगी, पंखावर पांढरा ठिपका. चक्रांगाच्या मादीच्या पंखावर हिरवा पट्टा. भुवई बदकाच्या मादीच्या चेहऱ्यावर गडद-फिकट रेघा. शिवाय पिसे बदलताना कित्येक नरही मादीसारखेच दिसतात. म्हणून केवळ रंगावर विसंबू नये. चोच आणि पंख पाहावेत.

वढवाणा २०२१ साली रामसर यादीत आला. तिथल्या पक्ष्यांची नोंद ठेवताना मादी ओळखता आली नाही, तर थव्याचा मोठा भाग बिननावाचा राहतो.

विश्वस्तांना विनंती, की नव्या तक्त्यावर नर-मादी दोघांचीही चित्रे असावीत. पालकांनी सहलीला शक्य असल्यास दुर्बीण द्यावी. आणि मुलांनो, यंदा वहीत ‘तपकिरी बदक’ लिहिण्याआधी तिची चोच एकदा नीट पाहा.