आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी

गॅरेजमध्ये गाडी नेली की आपला पहिला प्रश्न असतो, "काय बदलावं लागेल?" "नेमकं झालंय काय?" हे फारसं कुणी विचारत नाही. माझं स्पष्ट मत आहे की पैसे वाया जायला सुरुवात इथूनच होते.

उदाहरण घेऊ गाडी अडखळण्याचं. अ‍ॅक्सिलरेटर दाबला की इंजिन क्षणभर विचारात पडतं, एक गचका देतं आणि मग पळायला लागतं. गावात हे चालून जातं. पण हायवेला ट्रक ओव्हरटेक करायला गाडी बाहेर काढली आणि समोरून दुसरा येत असला, की तो एक सेकंद फार मोठा असतो. म्हणून "चालतंय की अजून" म्हणून सोडण्यातला हा आजार नाही.

आता थोडं शास्त्र (कंटाळा आला तर पुढच्या परिच्छेदावर उडी मारा). एक किलो पेट्रोल नीट जळायला साधारण १४.७ किलो हवा लागते. थ्रॉटल उघडला की हवा लगेच आत घुसते. पेट्रोल मात्र मागे पडतं, कारण त्यातलं थोडं इनटेकच्या भिंतींनाच चिकटतं. कार्ब्युरेटरच्या काळात एक छोटा पंप अशा वेळी जास्तीची पिचकारी मारायचा. आता ईसीयू इंजेक्टर जरा जास्त वेळ उघडा ठेवून तेच साधतो. हवा, पेट्रोल आणि ठिणगी या तिघांचा ताळमेळ चुकला की गाडी अडखळते. कारणं डझनभर: झिजलेले प्लग, मेलेली कॉइल, घाण झालेली थ्रॉटल बॉडी, तुंबलेला फिल्टर, थकलेला पंप, खोटं बोलणारा सेन्सर. लक्षण मात्र सगळ्यांचं एकच!

माझ्या मामाची २०१४ ची पेट्रोल हॅचबॅक अशीच आचके द्यायची, खास करून साताऱ्याकडे जाताना खंबाटकीच्या चढावर. गॅरेजमध्ये आधी प्लग बदलले. मग इंजेक्टर साफ केले. मग स्कॅनर लावला, तर कोड आला पी०१७१, म्हणजे 'मिश्रणात पेट्रोल कमी'. ही तक्रार ऑक्सिजन सेन्सरच्या आकड्यावरून येते, म्हणून तो सेन्सरच बदलला. म्हणजे निरोप्यालाच फाशी! शेवटी फ्युएल पंपही नवा टाकला. पंधरा हजार गेले, गाडी तशीच. मग मामा म्हणाला, "अरे, तू इंजिनियर ना? बघ की जरा."

स्वस्तातला ब्लूटूथ स्कॅनर आणि मल्टीमीटर घेऊन बसलो. पहिली गोष्ट बघितली ती फ्युएल ट्रिम, म्हणजे ईसीयू ठरलेल्या मापापेक्षा किती टक्के पेट्रोल कमी-जास्त करतोय तो आकडा. आयडलला अधिक ३, अगदी निरोगी. चढावर तिसऱ्या गिअरमध्ये अधिक २२. म्हणजे मागणी कमी असताना पेट्रोल पुरतं, वाढली की पुरत नाही. सेन्सर आणि प्लग इथेच बाजूला पडले, संशय पेट्रोलच्या पुरवठ्यावर आला.

पण पंप तर नवा होता. "वायरिंग चेक केलंय, पूर्ण बारा व्होल्ट येतात," असं गॅरेजवाल्याने सांगितलं होतं आणि ते खरंही होतं. फक्त ते मोजलं होतं पंपाचा कनेक्टर काढून. करंटच वाहत नसेल तर व्होल्टेज पडणार कुठे? बारावीचा ओहमचा नियम. कनेक्टर जोडून, इंजिन चालू ठेवून मोजलं तेव्हा बॅटरीवर जवळजवळ १४ आणि पंपाला मिळत होते जेमतेम ११. बाकीचे अर्थिंगच्या गंजक्या बोल्टमध्ये अडकले होते. बोल्ट काढला, पॉलिश पेपरने घासला, परत आवळला. खर्च पाच रुपये. चढावरचा ट्रिम ५ वर आला आणि गचका गायब.

यात गॅरेजवाला चोर होता का? मला नाही वाटत. आपण पैसे देतो पार्टचे आणि तो बसवायच्या मजुरीचे. त्याने दोन तास डोकं लावून पाच रुपयांचा बोल्ट घासला आणि हजाराचं बिल दिलं, तर आपणच गल्लीभर सांगू, "बोल्ट घासायचे हजार घेतले हो!" मग तो कशाला डोकं लावेल? तोही अंदाजपंचे एकेक पार्ट बदलत जातो. आमच्या क्षेत्रात 'सर्व्हर रीस्टार्ट करून बघा' म्हणतात, त्यातलाच प्रकार.

आता तुम्ही म्हणाल, प्रत्येक वेळी एवढा व्याप कोण करणार? मान्य. प्लगचे किलोमीटर भरले असतील तर सरळ बदला, ती झिजणारीच वस्तू आहे. मुरलेल्या मेकॅनिकचा कान पुष्कळदा स्कॅनरपेक्षा आधी रोग ओळखतो, हेही खरं. पण पहिला उपाय फसला की दुसरा पार्ट विकत घेण्याआधी मोजमाप झालंच पाहिजे.

सध्या नवीन आरोपी सापडलाय तो म्हणजे इथेनॉल. २०२५ मध्ये देशात पेट्रोलमधलं इथेनॉल २० टक्क्यांवर गेलं आणि तेव्हापासून गाडीची प्रत्येक शिंक त्याच्या माथी मारली जाते. इथेनॉलला जळायला हवा कमी लागते, त्यामुळे तेवढ्याच हवेला इंधन जास्त द्यावं लागतं, आणि जुन्या गाड्यांच्या रबरी नळ्या-सील त्याने खराब होऊ शकतात. काळजी रास्तच आहे. पण त्याच पंपावरचं तेच पेट्रोल भरून तुमच्यासारखीच दुसरी गाडी सुरळीत पळत असेल, तर आधी आपल्या गाडीत काय वेगळं आहे ते मोजा.

तेव्हा मंडळी, पुढच्या वेळी गॅरेजमध्ये दोन वाक्यं बोलून बघा. "आधी शोधा, शोधायचे वेगळे पैसे देतो." आणि "पार्ट बदलायच्या आधी तोच खराब आहे हे कशावरून, ते दाखवा." जो मेकॅनिक यावर चिडेल त्याला नमस्कार. जो मल्टीमीटर काढेल त्याचा नंबर जपून ठेवा, आणि त्याने मागितलेल्या हजारात घासाघीस करू नका.