इस्से मियाके : सलग कापडाचा वारसा

अमेरिकेतील अॅपल कंपनीने नोव्हेंबर २०२५ मध्ये एक छोटीशी वस्तू बाजारात आणली आणि इंटरनेटवर थट्टेला ऊत आला. 'आयफोन पॉकेट' नावाची ही वस्तू म्हणजे मोबाइल ठेवण्यासाठी विणलेली एक लवचीक पिशवी. आखूड पट्ट्याच्या पिशवीची किंमत सुमारे १५० डॉलर, तर लांब पट्ट्याच्या पिशवीची सुमारे २३० डॉलर. मोज्याच्या तुकड्याला एवढा भाव कसा, असा सवाल अनेकांनी केला. तरीही अमेरिकेतील ऑनलाइन विक्रीत तिचा साठा लवकरच संपला. या पिशवीवर अॅपलच्या जोडीला नाव होते ते 'इस्से मियाके' या जपानी वस्त्रसंस्थेचे. ही संस्था उभारणारे डिझायनर इस्से मियाके यांचे ५ ऑगस्ट २०२२ रोजी टोकियोत वयाच्या ८४ व्या वर्षी निधन झाले होते. निधनानंतर तीन वर्षांनीही त्यांच्या नावाची एवढी चर्चा व्हावी, यामागे केवळ ब्रँडची पुण्याई आहे की आणखी काही, हा प्रश्न त्यानिमित्ताने पुढे आला.

फॅशनच्या जगात नाव टिकणे नवे नाही. पॅरिसच्या अनेक घराण्यांचे संस्थापक जाऊन अर्धशतक लोटले, तरी अत्तरे आणि हातपिशव्या त्यांच्याच नावाने विकल्या जातात. मियाके यांचे प्रकरण याहून थोडे निराळे आहे. त्यांच्यामागे उरली ती कपडा तयार करण्याची पद्धत. कापड आधी की कपडा आधी, कात्री कोणी चालवायची, उरलेल्या चिंध्यांचे काय करायचे, असे प्रश्न त्यांनी उपस्थित केले. या प्रश्नांची निकड आज त्यांच्या हयातीपेक्षाही अधिक आहे. म्हणूनच त्यांच्या कामाचे मूल्यमापन फॅशनच्या पुरवण्यांपुरते मर्यादित ठेवता येत नाही.

हिरोशिमाचे मौन

मियाके यांचा जन्म २२ एप्रिल १९३८ रोजी हिरोशिमात झाला. ६ ऑगस्ट १९४५ रोजी सकाळी शहरावर अणुबॉम्ब पडला, तेव्हा सात वर्षांचा हा मुलगा शाळेच्या वर्गात बसला होता. किरणोत्साराच्या परिणामाने त्यांच्या आईचे तीन वर्षांच्या आतच निधन झाले. मात्र, या आठवणींविषयी मियाके यांनी अनेक दशके जाहीरपणे बोलणे टाळले. 'अणुबॉम्बमधून वाचलेला डिझायनर' अशी ओळख त्यांना नको होती. नष्ट होणाऱ्या गोष्टींपेक्षा घडवता येणाऱ्या, सौंदर्य आणि आनंद देणाऱ्या गोष्टींचा विचार करणे आपण पसंत केले, असे त्यांनी पुढे लिहिले.

हे मौन त्यांनी २००९ मध्ये सोडले. त्या वर्षी एप्रिलमध्ये अमेरिकेचे तत्कालीन अध्यक्ष बराक ओबामा यांनी प्राग येथील भाषणात अण्वस्त्रमुक्त जगाचा पुरस्कार केला होता. जुलैमध्ये मियाके यांनी 'न्यूयॉर्क टाइम्स'मध्ये लेख लिहून ओबामांना हिरोशिमाला भेट देण्याचे आवाहन केले. ओबामा २७ मे २०१६ रोजी तेथे गेले. पदावर असताना हिरोशिमाला भेट देणारे ते पहिले अमेरिकी अध्यक्ष ठरले.

या मौनाला एक विसंगतीही लाभली होती. रेई कावाकुबो आणि योजी यामामोतो या जपानी डिझायनरांनी १९८१ मध्ये पॅरिसमध्ये पदार्पण केले. त्यांच्या काळ्या, विरलेल्या, फाटक्या भासणाऱ्या वस्त्रांना काही पाश्चात्त्य समीक्षकांनी 'हिरोशिमा फॅशन'च्या धर्तीचे हिणकस विशेषण लावले. ज्याने हिरोशिमा खरोखर भोगले, तो मात्र त्याच पॅरिसमध्ये रंगीत, हलकी आणि अंगासोबत उसळणारी वस्त्रे सादर करत होता.

पॅरिसचा रस्ता आणि सामान्य माणूस

टोकियोतील तामा कला विद्यापीठात मियाके यांनी ग्राफिक डिझाइनचे शिक्षण घेतले. १९६० मध्ये टोकियोत जागतिक डिझाइन परिषद भरली, तेव्हा तिच्यात वस्त्रांचा समावेश का नाही, असा जाब विचारणारे पत्र या विद्यार्थ्याने आयोजकांना पाठविले होते. कपडा हा नटण्याचा विषय नसून वास्तुरचना किंवा यंत्ररचनेइतकाच डिझाइनचा विषय आहे, हा आग्रह तेव्हापासूनचा.

१९६५ मध्ये ते पॅरिसला गेले. तेथे उच्चभ्रू शिवणकलेचे शिक्षण घेऊन गी लारोश आणि जिव्हांशी यांच्याकडे त्यांनी उमेदवारी केली. मे १९६८ मधील विद्यार्थी आंदोलन त्यांनी पॅरिसमध्ये जवळून पाहिले. मूठभर धनिकांसाठी मापे घेऊन कपडे शिवण्यात आपले आयुष्य घालवायचे नाही, या निष्कर्षापर्यंत ते या काळात आले. जीन्स आणि टी-शर्टइतके सर्वांना परवडणारे आणि सर्वांना शोभणारे काही तरी करावे, ही त्यांची इच्छा होती. न्यूयॉर्कमध्ये जेफ्री बीन यांच्याकडे काही काळ काम करून ते मायदेशी परतले आणि १९७० मध्ये त्यांनी टोकियोत 'मियाके डिझाइन स्टुडिओ' स्थापन केला. १९७३ पासून पॅरिसमध्ये त्यांचे संग्रह सादर होऊ लागले.

युरोपीय शिवणकलेचा पाया शरीर आहे. शरीराच्या मापाने कापड बेतायचे, चिमटे घालायचे आणि ते अंगाला चपखल बसवायचे, ही तिची रीत. किमोनोची रीत वेगळी. तेथे कापडाचे सरळ पट्टे जोडले जातात आणि शरीर व कपडा यांच्यामध्ये मोकळी जागा राहते. मियाके यांनी या जागेलाच महत्त्व दिले. साडी, धोतर आणि उपरणे यांच्या देशातील वाचकाला ही कल्पना परकी वाटू नये. न बेतलेल्या सलग कापडाला आकार देण्याचे काम नेसणारी व्यक्ती करते, हे येथे सांगावे लागत नाही. मात्र, ही जाण औद्योगिक उत्पादनाशी जोडणे हे मियाके यांचे खरे कर्तृत्व होय.

आधी शिवण, मग चुणी

या कर्तृत्वाचे सर्वांत ठळक उदाहरण म्हणजे चुण्यांचे कपडे. चुणीदार वस्त्रे प्राचीन काळापासून चालत आली आहेत. व्हेनिसमध्ये काम करणाऱ्या मारियानो फॉर्च्युनी यांचा रेशमी चुण्यांचा झगा विसाव्या शतकाच्या प्रारंभी प्रसिद्ध होता. या साऱ्यांत कापडाला आधी चुण्या घातल्या जात आणि नंतर त्याचा कपडा होई. १९८८ पासून केलेल्या प्रयोगांत मियाके यांनी हा क्रम उलटा केला. कपडा मूळ मापाच्या अडीच ते तीन पट मोठा बेतून आधी शिवायचा, मग कागदाच्या थरांमध्ये ठेवून उष्ण दाबयंत्रातून काढायचा. पॉलिएस्टरचा धागा उष्णतेत मिळालेला आकार धरून ठेवतो. त्यामुळे या चुण्या धुतल्याने जात नाहीत. इस्त्री लागत नाही, कपडा गुंडाळून प्रवासाच्या पिशवीत टाकता येतो आणि त्याच्या ताणामुळे तो निरनिराळ्या बांध्यांच्या व्यक्तींना बसतो.

या कपड्यांची पहिली मोठी परीक्षा नर्तकांनी घेतली. विल्यम फोर्साइथ यांच्या फ्रँकफर्ट बॅलेसाठी मियाके यांनी १९९१ मध्ये चुणीदार पोशाख केले. नर्तकांना त्यांत मोकळेपणाने हालचाली करता येतात, हे दिसून आले. १९९२ च्या बार्सिलोना ऑलिम्पिकमध्ये नुकत्याच स्वतंत्र झालेल्या लिथुआनियाच्या खेळाडूंनी मियाके यांनी तयार केलेला चुणीदार गणवेश घातला. पाठोपाठ १९९३ मध्ये 'प्लीट्स प्लीज' ही स्वतंत्र मालिका आली. पुरुषांसाठीची 'ओम प्लिसे' ही मालिका २०१३ मध्ये सुरू झाली. आज जगभरच्या बाजारपेठांत स्वस्त चुणीदार कपड्यांची जी रेलचेल दिसते, तिचा उगम याच प्रयोगात आहे. त्यातील बहुसंख्य ग्राहकांना मियाके हे नाव ठाऊकही नसावे. प्रभावाचे याहून मोठे प्रमाण ते कोणते?

कात्री ग्राहकाच्या हाती

दुसरा प्रयोग तंत्रदृष्ट्या अधिक धाडसी होता. दाई फुजिवारा यांच्या साथीने मियाके यांनी १९९० च्या दशकाच्या अखेरीस 'ए-पॉक' ही पद्धत विकसित केली. 'कापडाचा एक तुकडा' या अर्थाच्या इंग्रजी शब्दांचे हे लघुरूप. संगणकाने नियंत्रित यंत्रावर एकाच धाग्यापासून नळीसारखे सलग कापड विणले जाते आणि सदरा, झगा, मोजे, पिशवी यांच्या आकृत्या विणीतच अंतर्भूत असतात. ग्राहकाने त्या रेषांवर कात्री चालवायची, की कपडा तयार. कडा उसवत नाहीत. बाही किती लांब ठेवायची, हेही ग्राहकानेच ठरवायचे. विणणे, बेतणे आणि शिवणे या तीन पायऱ्या येथे एकत्र आल्या आणि कापणीत वाया जाणारे कापड मोठ्या प्रमाणावर घटले. न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयाने या प्रयोगाला आपल्या संग्रहात स्थान दिले. अॅपलच्या पिशवीमागे हाच 'एका तुकड्या'चा विचार असल्याचे सांगण्यात आले, ते या पार्श्वभूमीवर.

पुढचे पाऊल २०१० मधील '१३२ ५.' या मालिकेचे. पुनर्प्रक्रिया केलेल्या पॉलिएस्टरचे कापड गणिती आकडेमोडीच्या आधारे घडी घालून सपाट ठेवायचे आणि उचलताच त्याचा त्रिमितीय पोशाख व्हावा, अशी ही रचना. वस्त्रोद्योगातील कचऱ्याची चर्चा सर्वतोमुखी होण्याच्या बऱ्याच आधी एका डिझायनरने तिला तांत्रिक उत्तर शोधण्याचा प्रयत्न केला होता.

अॅपलशी असलेला धागाही जुनाच आहे. सोनी कंपनीच्या कामगारांसाठी मियाके यांनी गणवेश तयार केला होता. तो पाहून स्टीव्ह जॉब्ज यांनी आपल्या कंपनीसाठीही तसाच गणवेश करण्याचे सुचविले. अॅपलच्या कर्मचाऱ्यांनी ती कल्पना साफ धुडकावली. अखेर जॉब्ज यांनी स्वतःपुरता गणवेश ठरविला आणि मियाके यांच्याकडून सुमारे शंभर काळे, उंच गळ्याचे सदरे करून घेतले. ही हकीकत वॉल्टर आयझॅकसन यांच्या २०११ मधील जॉब्ज चरित्रात नमूद आहे.

अहमदाबादचा दुवा

मियाके यांचे नाव यंत्राशी जोडले गेले असले, तरी हातकामाकडे त्यांनी पाठ फिरविली नाही. याचा भारताशी थेट संबंध आहे. अहमदाबादच्या आशा साराभाई यांच्या कार्यशाळेशी त्यांच्या स्टुडिओचे १९८० च्या दशकापासून सहकार्य होते. स्टुडिओच्या वस्त्रतज्ज्ञ माकिको मिनागावा यांनी २००० मध्ये सुरू केलेल्या मालिकेचे नाव 'हाट' असे आहे. आठवड्याच्या बाजाराला मराठीत आजही वापरला जाणारा हाच तो शब्द. भारतीय कारागिरांचे हातकाम हे या मालिकेचे वैशिष्ट्य राहिले. एकीकडे संगणकीय विणकाम आणि दुसरीकडे हातशिलाई, यांत मियाके यांना विरोध दिसला नाही. यंत्र की हात, असा वाद घालत बसलेल्या भारतीय वस्त्रधोरणाने या भूमिकेची नोंद घ्यायला हवी.

वारशाच्या मर्यादा

अर्थात, या वारशाकडे केवळ कौतुकाने पाहणे योग्य ठरणार नाही. सर्वांसाठी कपडे, हे मियाके यांचे स्वप्न होते. प्रत्यक्षात त्यांच्या नावाचे चुणीदार कपडे शेकडो डॉलरना विकले जातात आणि सामान्यांच्या वाट्याला येतात त्या नकला. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. चुण्या टिकतात त्या पॉलिएस्टरमुळे, आणि पॉलिएस्टर हे खनिज तेलापासून बनते. ते धुताना सुटणारे सूक्ष्म तंतू पाण्यात जातात, हे आता सिद्ध झाले आहे. मियाके यांच्या बाजूने एवढे म्हणता येते, की त्यांचा कपडा वर्षानुवर्षे वापरण्यासाठी केलेला असतो. हा युक्तिवाद त्यांच्या स्वस्त नकलांना लागू पडत नाही. काही महिन्यांत टाकून दिल्या जाणाऱ्या या नकलांत तंत्र उचलले गेले, त्यामागचा विचार मात्र मागेच राहिला.

नेतृत्वाच्या बाबतीत मात्र मियाके यांनी दूरदृष्टी दाखविली. १९९९ मध्ये मुख्य संग्रहाची जबाबदारी त्यांनी नाओकी ताकिझावा यांच्याकडे सोपविली. पुढे दाई फुजिवारा, योशियुकी मियामाए आणि २०१९ मध्ये सातोशी कोन्दो यांच्याकडे ती आली. हे सारे संस्थेतच तयार झालेले. पॅरिसच्या घराण्यांत बाहेरून नामवंत आणून बसविण्याची आणि दोन-चार वर्षांत त्याला निरोप देण्याची जी प्रथा पडली आहे, तिच्या तुलनेत हे स्थैर्य उठून दिसते. टोकियोत २००७ मध्ये सुरू झालेले '२१_२१ डिझाइन साइट' हे केंद्रही मियाके यांच्याच पुढाकारातून आले. तादाओ आंदो यांनी उभारलेल्या या वास्तूत कपड्यांपलीकडील साऱ्या डिझाइनचा विचार होतो. १९६० च्या त्या पत्रातील मागणी अशा रीतीने पूर्ण झाली.

आता कसोटी आहे ती वारसदारांची. मोबाइलच्या पिशवीला जगभर प्रसिद्धी मिळवून देणे त्यांना जमले. पण मियाके यांनी आपल्या काळातील साधनांनी कापडाची नासाडी रोखण्याचा जो प्रयत्न केला, तो पॉलिएस्टरच्या पुढे नेणारा धागा शोधून चालू ठेवणे हे खरे आव्हान आहे. ते पेलले गेले नाही, तर मियाके हे नाव दुकानांच्या पाट्यांवर राहील आणि त्यांचा विचार संग्रहालयांच्या कपाटांत. ते पेलले गेले, तर बेतण्यापूर्वी कापडाचा विचार करण्याची त्यांची शिकवण महागड्या दालनांबाहेर, जिथे कपडा रोज वापरला आणि रोज टाकला जातो, तिथपर्यंत पोहोचू शकेल.