शाळेच्या संगणकात काय बसवायचं, हे शासनाने ठरवावं

मा. शालेय शिक्षणमंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई यांस,



मी एका अनुदानित शाळेत संगणक शिकवते. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १०ची नियमित सुरक्षा अद्यतनं थांबवली. त्यानंतर आमच्या संगणक कक्षापुढे जो प्रश्न उभा राहिला, तो राज्यातल्या कितीतरी शाळांपुढे असणार, म्हणून हे पत्र उघडपणे लिहिते आहे.

विंडोज ११ला टीपीएम २.० ही सुरक्षा चिप लागते, आणि प्रोसेसर इंटेलचा असेल तर साधारण आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा. आयसीटी योजनेतून पूर्वी आलेली आमची यंत्रं या अटींत बसत नाहीत. ती बिघडलेली मुळीच नाहीत. मुलं त्यांवर स्क्रॅचमध्ये गोष्टी रचतात, जिओजेब्रात त्रिकोण ओढून कोन कसे बदलतात ते बघतात. तरी कागदोपत्री ती निकामी ठरतील आणि नव्या खरेदीची मागणी वर जाईल. निधी येईपर्यंत गावोगावी चालतं तेच होईल: दुरुस्तीला आलेला मुलगा पेनड्राइव्हवरून विंडोजची क्रॅक केलेली प्रत टाकून जाईल. त्या प्रतीबरोबर आणखी काय आत शिरलं, हे त्यालाही ठाऊक नसतं आणि मुख्याध्यापकांनाही. पुष्कळदा यू-डायस या सरकारी शालेय नोंदप्रणालीची माहितीही अशाच एखाद्या संगणकावर भरली जाते. मुलांची नावं, जन्मतारखा, आधार क्रमांक, प्रवर्ग, अपंगत्व, सगळं.

माझी मागणी एकच आहे. शाळांच्या संगणकांसाठी राज्याने लिनक्सवर आधारलेली स्वतःची मुक्तस्रोत प्रणाली ठरवावी, आणि हे एकेका शिक्षकाच्या हौसेवर न सोडता शासन निर्णय काढून करावं.

हे करून दाखवणारं राज्य फार दूर नाही. २००१च्या सुमारास महाराष्ट्रात एमएस-सीआयटी ही संगणक साक्षरतेची परीक्षा सुरू झाली तेव्हाच केरळमध्ये ‘आयटी ॲट स्कूल’ प्रकल्प आकाराला येत होता. एमएस-सीआयटीने संगणक तालुक्यातालुक्यांत नेला, हे तिचं श्रेय मोठं आहे. पण संगणक शिकणं म्हणजे विंडोज आणि ऑफिस शिकणं, हा समजही त्याच काळात आपल्याकडे घट्ट झाला. केरळमधली सुरुवातही याच वाटेने झाली होती. तिथे शिक्षक संघटना आणि मुक्त सॉफ्टवेअरचे कार्यकर्ते विरोधात उभे राहिले, आणि सरकारने शाळा टप्प्याटप्प्याने जीएनयू/लिनक्सवर नेल्या. २०१७ मध्ये त्या प्रकल्पाची ‘काइट’ ही सरकारी कंपनी झाली. २ लाखांहून अधिक संगणकांच्या परवान्यांचे ३,००० कोटी रुपये वाचतात, असा अंदाज काइटने २०१९ मध्ये मांडला. आकडा डोळे दिपवणारा आहे. मला मात्र त्यांची रीत जास्त मोलाची वाटते. त्यांनी पाठ्यपुस्तकं त्या प्रणालीला धरून लिहिली, आधी शिक्षकांना तयार केलं, मल्याळम टाइप करण्याची सोय प्रणालीतच ठेवली, आणि दहावीची आयटीची प्रात्यक्षिक परीक्षाही तिच्यावरच घेतली. परीक्षा ज्यावर होते तेच शाळेत शिकवलं जातं, हे महाराष्ट्रात कुणाला वेगळं सांगायला नको. २०१८ पासून तिथल्या हायस्कुलांत ‘लिटल काइट्स’ मंडळं चालतात. त्यांत मुलं ॲनिमेशन, प्रोग्रॅमिंग, हार्डवेअर आणि मल्याळम संगणन शिकतात.

जर्मनीतल्या म्युनिकचा अनुभवही आपल्यासमोर ठेवते, कारण विरोधक तोच पुढे करतील. त्या शहराने २००३ मध्ये लिनक्सकडे जायचं ठरवलं, सुमारे १५,००० संगणक बदलले, आणि २०१७ मध्ये विंडोजकडे परतायचा निर्णय घेतला. कारणांविषयी आजही वाद आहेत. मी त्यातून एवढंच घेते की वरचं पाठबळ टिकलं नाही तर झालेलं कामही मागे फिरतं. त्याच जर्मनीत श्लेस्विग-होल्स्टाइन राज्याने २०२४ मध्ये आपले सुमारे ३०,००० संगणक आधी लिब्रेऑफिस या मुक्तस्रोत ऑफिस संचावर आणि पुढे लिनक्सवर नेण्याचं ठरवलं आहे.

पैसे वाचतील ते वाचोत. मला जास्त काळजी मुलांच्या माहितीची आहे. विंडोज ११ची होम आवृत्ती बसवतानाच इंटरनेट आणि मायक्रोसॉफ्टचं खातं मागते, आणि ‘आवश्यक’ म्हणवली जाणारी निदानविषयक माहिती कंपनीकडे जाणं पूर्ण बंद करू देत नाही. सातवीतल्या मुलीला निबंध टाइप करायला कुठल्या कंपनीकडे खातं कशाला हवं? डेबियन किंवा लिनक्स मिंट यांसारखी लिनक्स प्रणाली असं काही मागत नाही. आपला २०२३चा डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायदा १८ वर्षांखालच्या प्रत्येकाला बालक मानतो आणि त्याच्या माहितीसाठी पालकांची पडताळता येईल अशी संमती मागतो. ती संमती गोळा करत बसण्यापेक्षा, गरज नसलेली माहिती शाळेबाहेर जाऊच न देणं कितीतरी सोपं आणि मुलांच्या हिताचं आहे.

मुक्तस्रोत म्हटलं की खासगीपणा आपोआप जपला जातो, असा माझा दावा नाही. ह्यूमन राइट्स वॉच या मानवाधिकार संस्थेने २०२२ मध्ये ४९ देशांतल्या १६४ शैक्षणिक साधनांविषयीचा अहवाल काढला. त्यांत आपलं दीक्षा हे सरकारी शैक्षणिक ॲपही होतं, आणि मुलांचं नेमकं ठिकाण टिपण्याची क्षमता त्यात आढळली. दीक्षा ज्या सनबर्ड या सॉफ्टवेअरवर उभं आहे ते मुक्तस्रोतच आहे. उबुंटू या लिनक्स प्रणालीनेही २०१२ मध्ये शोधचौकटीत टाइप केलेले शब्द बाहेर पाठवायला सुरुवात केली होती. वापरणाऱ्यांनी जोरदार आक्षेप घेतला, आणि २०१६च्या आवृत्तीत ही सोय मुळातच बंद करून दिली गेली. सोर्स कोड खुला असला की बाहेरच्या माणसाला तो तपासता येतो आणि नको तो भाग काढून आपली आवृत्ती बनवता येते. पण हे तपासणारं, काढणारं कुणीतरी नेमलेलं असावं लागतं. शिक्षकाने तास संपल्यावर फावल्या वेळात करण्याचं हे काम नाही.

अडचणी मला रोज दिसतात. श्रीलिपी आणि कृतिदेवमधल्या जुन्या प्रश्नपत्रिका, तो फाँट नसलेल्या यंत्रावर उघडल्या की नुसता अक्षरांचा गोंधळ दिसतो. त्या युनिकोडमध्ये आणाव्या लागतील, आणि ते काम विंडोजवर राहिलो तरी चुकणार नाही. काही प्रिंटर कुरकुरतात. डिजिटल सहीचं टोकन सगळीकडे सरळ चालेलच असं नाही. म्हणून कार्यालयातला एक संगणक सुरुवातीला विंडोजवरच राहू द्या, मात्र परवाना घेतलेल्या आणि अद्ययावत विंडोजवर. बदल आधी संगणक कक्षात व्हावा.

सामग्री आपल्याच घरात आहे. सीडॅक या सरकारी संगणन संस्थेचं मुख्यालय पुण्यात आहे आणि बॉस लिनक्स ही प्रणाली त्याच संस्थेने घडवली. पवईच्या आयआयटीच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पात लिब्रेऑफिसचे धडे मराठीतून मिळतात. बालभारतीने अकरावीच्या आयटीत हिशेबासाठी जीएनयूखाता आणि डेटाबेससाठी पोस्टग्रेएसक्यूएल ही मुक्तस्रोत साधनं घेतलीच आहेत. अकरावीत हे चालतं, तर पाचवीपासून का नको?

येत्या शैक्षणिक वर्षासाठी दोन जिल्हे निवडा, एक कोकणातला आणि एक विदर्भातला. तिथली जुनी यंत्रं निर्लेखित करण्याआधी त्यांवर लिनक्स बसवून वर्षभर चालवून बघा. पुण्याच्या एससीईआरटीमध्ये ही प्रणाली सांभाळणारा छोटा पण कायमस्वरूपी गट नेमा, आणि शाळेचा फोन उचलणारं माणूस त्या गटात असू द्या. पुढच्या आयसीटी निविदेत कुठल्याही कंपनीच्या प्रणालीचं नाव न घालता फक्त गरज लिहा. ती निविदा निघण्यापूर्वी याविषयी शिक्षकांची बैठक बोलावलीत, तर आमच्या कक्षातल्या प्रत्येक यंत्राची तपशीलवार यादी घेऊन मी हजर राहीन.

आपली नम्र,
एक संगणक शिक्षिका