ठेव आपली, भांडवल कोणाचे?

(बी. कॉम., तृतीय वर्ष)

ऑक्टोबर २०२५ मध्ये दुबईच्या एमिरेट्स एनबीडी बँकेने एक घोषणा केली. सुमारे २६,८५० कोटी रुपये घालून ती आरबीएल बँकेचे ६० टक्के भागभांडवल घेणार होती. आरबीएल म्हणजे पूर्वीची रत्नाकर बँक. साहजिकच आपल्या भागात हळहळ व्यक्त झाली. आपली बँक परक्यांच्या हाती गेली, असा त्या हळहळीचा सूर होता. ती खोटी नाही, पण अपुरी आहे असे मला वाटते.

६ ऑगस्ट १९४३ रोजी कोल्हापुरात ही बँक स्थापन झाली. कोल्हापूर तेव्हा संस्थान होते. संस्थापक दोघे : सांगलीचे बाबगोंडा भुजगोंडा पाटील आणि कोल्हापूरचे गंगाप्पा सिद्धाप्पा चौगुले. आडनावे मराठी आणि नावांचे वळण कानडी! आम्हा सीमाभागातल्या मुलांना यात नवल वाटत नाही. व्यापाऱ्याची पत कुठल्या भाषेत आहे हे सावकारानेही कधी विचारले नाही, बँकेने तरी का विचारावे? कोल्हापूर-सांगली पट्ट्यातले व्यापारी व लहान उद्योजक हे तिचे मुख्य ग्राहक. १९५९ साली ती अनुसूचित बँक झाली आणि पुढे बेळगाव जिल्ह्यातही तिच्या शाखा आल्या.

१९६९ साली ५० कोटींहून अधिक ठेवी असलेल्या १४ बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले. १९८० मध्ये २०० कोटींची रेघ ओढून आणखी ६ बँका सरकारने घेतल्या. रत्नाकर दोन्ही वेळा रेघेच्या खाली राहिली. लहानपणच तिच्या कामी आले.

पण लहानपण नेहमीच कामी येते असे नाही. तिच्या शेजारच्या बँकांचे काय झाले पाहा. बेळगावचेच नाव लावणारी बेळगाव बँक सत्तरीच्या दशकात युनियन बँकेत विलीन झाली. साताऱ्याच्या १९३६ सालच्या युनायटेड वेस्टर्न बँकेच्या व्यवहारांवर सप्टेंबर २००६ मध्ये स्थगिती आली आणि महिन्याभरात ती आयडीबीआयमध्ये गेली. १९१६ साली निघालेली सांगली बँक एप्रिल २००७ मध्ये आयसीआयसीआयमध्ये मिसळली. या तिघींची नावेही आज पाट्यांवर नाहीत.

असे का होते, याचे उत्तर आपल्या पाठ्यपुस्तकातच आहे. ठेव म्हणजे बँकेचे देणे. भांडवल म्हणजे मालकाचा स्वतःचा पैसा. जोखमीनुसार मोजलेल्या दर शंभर रुपयांच्या कर्जामागे बँकेचे स्वतःचे किमान नऊ रुपये असावेत, असा रिझर्व्ह बँकेचा दंडक आहे. म्हणजे नुसत्या ठेवी वाढून भागत नाही. शिवाय २००५ साली खासगी बँकांसाठी किमान ३०० कोटींच्या निव्वळ मालमत्तेची अट आली. हा पैसा आणायचा कुठून? गावाने ठेव ठेवली, गावाने कर्ज घेतले; पण भाग घ्यायची वेळ आली की गावाची झेप तोकडी पडते. जो भांडवल घालतो तोच मालक होतो, यात कुणाचे कपट नाही.

रत्नाकरने वाढीची वाट धरली. २०१० मध्ये विश्ववीर आहुजा प्रमुख म्हणून आले, बाहेरून भांडवल आले, २०१४ मध्ये नाव आरबीएल झाले आणि २०१६ मध्ये जाहीर भागविक्रीतून सुमारे १,२०० कोटी उभे राहिले. क्रेडिट कार्डे आणि सूक्ष्मकर्जे यांवर भर आला. या वाटेवर काटेही होते. डिसेंबर २०२१ मध्ये रिझर्व्ह बँकेने संचालक मंडळावर स्वतःचा माणूस नेमला, आहुजा पायउतार झाले, भाग कोसळले. ठेवीदारांनी घाबरू नये असे रिझर्व्ह बँकेला जाहीर सांगावे लागले. तरीही बँक तगली.

तेव्हा मालक दुबईचा की कोल्हापूरचा, हा माझ्या मते दुय्यम प्रश्न आहे. नियमाप्रमाणे ६० टक्के भाग असले तरी एका भागधारकाचा मताधिकार २६ टक्क्यांपुढे जात नाही. खरा प्रश्न असा, की निपाणीच्या तंबाखू व्यापाऱ्याला किंवा उद्यमबागेतल्या लेथवाल्याला कर्ज द्यायचे की नाही हे ठरवणाराला त्याचा धंदा कळतो का? जुन्या व्यवस्थापकाला तो कळे. त्याच ओळखीतून वशिलाही शिरे, हे मान्य. संगणकाला वशिला चालत नाही, पण ज्याची नोंद नाही अशा माणसाची सचोटीही त्याला दिसत नाही.

हळहळण्याऐवजी आपण एक आकडा तपासावा : आपल्या जिल्ह्यातल्या शंभर रुपयांच्या ठेवींपैकी किती रुपये कर्जरूपाने जिल्ह्यातच परत येतात? १९६९ पासून अग्रणी बँक योजना आहे. जिल्ह्याच्या बैठकांत हे प्रमाण मांडले जाते. वाणिज्य शाखेचे किती विद्यार्थी ते वाचतात? बेळगावात आजही सहकारी बँका आणि पतसंस्था आहेत, त्यांच्या वार्षिक सभा होतात, आणि आपल्यापैकी अनेकांच्या घरी त्यांचे सभासद आहेत. अहवाल न उघडता रद्दीत जातो आणि सभेला कोणी फिरकत नाही. ‘आपली बँक’ हा शब्द उच्चारायचा असेल तर तो अहवाल आधी वाचला पाहिजे आणि सभेत उभे राहून प्रश्न विचारला पाहिजे; मग तो मराठीत विचारा किंवा कन्नडमध्ये.