राहत्या वाड्याची पुनर्रचना

नव्याचें आकर्षण व जुन्याचा लोभ हे दोन्ही मनुष्यस्वभावाचेच धर्म होत. या दोहोंची ओढाताण हल्लीं मोठमोठ्या कंपन्यांच्या संगणकविभागांत जितकी दिसते, तितकी क्वचितच अन्यत्र दिसेल. आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांचीं मुलें हिंजवडीस किंवा परदेशीं याच उद्योगांत आहेत. शनिवारची सारी रात्र जागून तीं करितात तरी काय, हें घरच्या मंडळींस समजावें, म्हणून आज या विषयाचा थोडा विचार करूं.

पूर्वीं बहुतेक कंपन्यांचें सॉफ्टवेअर म्हणजे एक अवाढव्य चौसोपी वाडाच असे. हिशेब, मालाची नोंद, गिऱ्हाइकांचीं खातीं, सारें एकाच छपराखालीं. एका खोलींत खिळा ठोकावा, तों दुसरीकडील गिलावा पडावा! नव्या पद्धतींत प्रत्येक कामासाठीं स्वतंत्र लहान प्रणाली रचून त्यांचा परस्परांशीं ठरीव व्यवहार ठेवितात. हिला मायक्रोसर्व्हिसेसची रचना म्हणतात. कल्पना निःसंशय चांगली; परंतु अडचण अशी कीं, वाड्यांतील बिऱ्हाडें बाहेर काढून काम करण्याची येथें सोय नसते. धंदा चालूच राहिला पाहिजे.

सन २००८ च्या ऑगस्टांत अमेरिकेंतील नेटफ्लिक्स कंपनीचा माहितीसाठा बिघडला व तीन दिवस तिला गिऱ्हाइकांकडे डीव्हीडी रवाना करितां आल्या नाहींत. तेव्हां तिनें आपलें कामकाज अ‍ॅमेझॉनच्या भाड्याच्या संगणकांवर नेण्याचें ठरविलें. जुनें सॉफ्टवेअर उचलून तसेंच तिकडे ठेवणें सोपें होतें. पण तिनें एकेक भाग नव्यानें रचून मगच हलविला. हें काम २०१६ च्या जानेवारींत पुरें झालें. त्यास सात वर्षें लागलीं.

याच्या उलट ब्रिटनमधील टीएसबी बँकेची कथा. एप्रिल २०१८ मध्यें तिनें लॉइड्स बँकेच्या यंत्रणेवरील आपलीं खातीं एका शनिवार-रविवारांत नव्या यंत्रणेवर नेलीं. माहिती सुखरूप पोंचली, पण नवी यंत्रणा कोलमडली. बँकेचे ग्राहक ५२ लक्ष. त्यांतील पुष्कळांस स्वतःच्याच पैशांस हात लावितां येईना. व्यवहार पूर्ववत् होण्यास डिसेंबर उजाडला. पुढें २०२२ मध्यें नियामकांनीं तिला ४ कोटी ८६ लक्ष ५० हजार पौंडांचा दंड केला.

हळूहळू पालटण्याच्या रीतीस मार्टिन फाउलर या जाणत्या लेखकानें २००४ मध्यें ऑस्ट्रेलियांतील एका जंगली वृक्षाची उपमा दिली. तो वृक्ष आपल्या वडपिंपळांच्याच कुळांतला. दुसऱ्या झाडाच्या माथ्यावर तो रुजतो, मुळें खालीं सोडतो, आणि कालांतरानें आधाराचें झाड नाहींसें झालें तरी स्वतः उभा राहतो. त्याप्रमाणें आधीं एकच काम, समजा पावत्या करण्याचें, नव्या प्रणालीकडे वळवावें. तें बिनबोभाट चाललें कीं दुसरें घ्यावें. मध्येंच कांहीं बिघडलें, तर जुनी वाट मोकळी असते.

परंतु एवढ्यानें भागत नाहीं. मेल्विन कॉनवे यानें १९६८ सालींच दाखविलें आहे कीं, संस्थेंतील माणसांचे परस्पर व्यवहार जसे असतील, तशीच तिच्या यंत्रणेची घडण होते. प्रत्येक बारीक बदलास पांच वरिष्ठांची संमति लागत असेल, तर सॉफ्टवेअरचे शंभर तुकडे करूनही वाडा एकच राहील. वर त्या तुकड्यांमधील निरोपानिरोपीचा नवा घोळ पदरीं पडेल. लहान कंपनीस तर पुष्कळदां एक नीटनेटका वाडाच पुरेसा असतो.

शिवाय जुन्या सॉफ्टवेअरमध्यें वर्षानुवर्षांचे धंद्याचे नियम मुरलेले असतात. त्यांतील कित्येक कोठेंही लिहिलेले नसून निवृत्तीस आलेल्या एखाद्या कर्मचाऱ्यासच ठाऊक असतात. त्याला आधीं विचारावें, मग कुदळ उचलावी. आणि आपला मुलगा किंवा सून 'एकदम नको, भागाभागानें करूं' असें सांगून वरिष्ठांचा रोष पत्करीत असेल, तर घरच्यांनीं त्यास भित्रेपणा समजूं नये. कित्येक अनोळखी संसारांचा महिन्याचा पगार वेळेवर हातीं पडणें त्या सांगण्यावर अवलंबून असतें.